शंभरच्या वर

भर दुपारी डिझायनरचं डोकं तापलं होतं. लिनक्सच्या कॉम्प्युटरवर स्क्रीनचा ब्राइटनेस शंभर टक्के केला तरी त्याचं चित्र मळकटच दिसत होतं.

"शंभरच्या वर जात नाहीस काय? बघतोच तुझ्याकडे!" असं म्हणत त्याने ब्राइटनेस ठरवणारी स्क्रिप्ट उघडली आणि त्यातली शंभरची मर्यादाच उडवून टाकली. मग बटण दाबलं. एकशे दहा. स्क्रीन उजळली.

"अहो, आभाळ आलंय का? एकदम अंधारून आलं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कामाच्या वेळी मला हवामान विचारू नकोस!" तो खेकसला आणि दातओठ खात बटण दाबत राहिला. दीडशे. दोनशे. चित्र लखलखायला लागलं.

रस्त्यावर कुत्री भुंकायला लागली. कुणीतरी किंचाळलं.

"अहो, गॅस पेटलाय, हाताला चटका बसतोय, पण ज्योत दिसत नाहीये!"

आता कुठे त्याने मान वर केली. खिडकी भिंतीसारखी काळी होती.

"च्यायला!" त्याने ब्राइटनेस झटक्यात शून्यावर आणला. स्क्रीन विझली. खिडकी मात्र काळीच राहिली.

अंधारात, अगदी त्याच्या कानाशी, बायको रडत म्हणाली, "तेवढाच तर उजेड उरला होता. तोही घालवलात?"