पहिला ट्रक

पुरानं जुना पूल नेला होता. पलीकडच्या दवाखान्यात पेशंट अडकले होते, म्हणून जवानांनी रातोरात लोखंडी पूल उभा केला. ब्रिगेडियरसाहेब घाई करत होते.

"कुणाला काही खटकतंय?" नव्या कॅप्टन मॅडमनी जवानांना विचारलं.

जवान एकमेकांकडे बघू लागले. आधीच्या कॅप्टनसाहेबांना चूक दाखवली, की दाखवणाऱ्याचीच बिनपाण्यानं व्हायची.

शेवटी एक जवान चाचरत म्हणाला, "मॅडम, मधला जोड ढिला आहे. मीच बसवलाय."

मॅडमनी पलीकडे निघालेले ट्रक थांबवले. ब्रिगेडियरसाहेब कडाडले, "उशिराला जबाबदार कोण?"

"मी, साहेब," मॅडम म्हणाल्या.

जोड खोलून पुन्हा घट्ट बसवला. मग मॅडम पहिल्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या. तो जवान धावत आला. "मॅडम, तुम्ही नका जाऊ! आधी मी जाऊन बघतो."

"स्वतःची चूक स्वतः सांगणाऱ्यानं बांधलाय हा पूल," मॅडम हसल्या. "ह्याच्यावरून मी डोळे मिटून जाईन."

ट्रक पलीकडे टेकला आणि दोन्ही काठांवर एकच जल्लोष उसळला. ब्रिगेडियरसाहेबसुद्धा टाळ्या वाजवत होते.