दोन्ही मशीन चालू

दोन्ही मशीन चालू होती. दोन्हींचेही हिरवे दिवे लुकलुकत होते, पंखे घरघरत होते, आणि ते बघून भीमराज दारातच थबकला. दोन्हींच्या मधली बारीक केबल उंदरानं कुरतडली होती. म्हणजे एक मशीन बंद पडलेलं असायला हवं होतं.

शेवगाव रस्त्यावरच्या त्या ज्वारी संशोधन केंद्रात संगणकांची ही जोडी भीमराजनंच बसवलेली. काम पहिल्यानं करायचं, दुसऱ्यानं नुसतं जागं राहायचं. ‘मी आहे’ एवढाच निरोप दर सेकंदाला त्या केबलमधून जायचा. निरोप थांबला की दुसऱ्यानं आधी पहिल्याची वीज तोडायची आणि मगच दोघांच्या सामाईक माहितीच्या पेटीला हात घालायचा. वीज तोडायला भीमराजनं रिलेचा डबा स्वतःच्या हातानं बनवला होता. “गप झालेला मेलेलाच असतो असं नाही काका,” त्यानं केंद्रात ज्वारीचे वाण शोधणाऱ्या काकासाहेबांना समजावलं होतं. “दोघंही जिवंत राहिले आणि एकाच पेटीत लिहायला लागले, तर सगळा सत्यानाश.”

“म्हंजी पेरनीला एकाच तासात दोन पाभरी,” काकासाहेब म्हणाले होते. शेतात जन्म गेलेला माणूस, अर्ध्या वाक्यात उमगलं त्यांना.

आणि नेमकं तेच झालं होतं. गणपतीच्या जोडून आलेल्या सुट्टीत तीन दिवस दोन्ही मशीन एकमेकांच्या लिहिण्यावर लिहीत बसली होती. भीमराजनं वाणांची यादी उघडली. तीनशे बाराच्या नंबरापुढे सातशे चाळीसचं वजन, त्याखाली नुसती चिन्हं, त्याखाली काहीच नाही. तो टेपकडे धावला. रोज संध्याकाळी आपोआप नक्कल काढणारी एकुलती एक टेप. तिनं तिन्ही संध्याकाळी जुनी नक्कल पुसून इमानदारीनं हाच कचरा उतरवून घेतला होता. आता बोला!

रिलेचा डबा बिघडलाच नव्हता. त्यानं वेळेवर वीज तोडलीही होती. पण पहिल्या मशीनच्या मागे एक लाल वायर डब्याला वळसा घालून थेट इन्व्हर्टरला गेली होती. भीमराजनं वायरमन फक्रुद्दीनचाचांना बोलावून घेतलं आणि नुसतं बोट दाखवलं.

“मीच जोडली,” चाचा कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाले. “उन्हाळ्यात लाईट जायची तवा तू कसा कावराबावरा व्हायचास! तूच म्हनला हुतास ना बेटा, चाचा, कायबी करा, पन हे मशीन बंद पडू देऊ नका.”

म्हणाला होता. दहादा म्हणाला होता. सारं केंद्र लाईट गेल्याच्या धसक्यात जगत होतं. जिथं तिथं जोडवायर टाकून काही ना काही चालू ठेवायचं, हीच इथली रीत. चाचांना काय सांगायचं, की केबल तुटल्यावर ते मशीन मरायलाच हवं होतं?

काकासाहेब उन्हातून आले, टोपीनं घाम पुसत. पावसाच्या एका सरीवर दाणा भरेल अशी ज्वारी शोधण्यात एकोणीस वर्षं घातलेला माणूस. अकराशे वाण, त्यातला एक त्याला गवसला होता. येत्या आठवड्यात त्या वाणाची शेवटची पेरणी, मे महिन्यात निवृत्ती. वाणाचा नंबर, त्याचे आईबाप, दरसालचं वजन, सगळं मशीनमध्ये. बियाण्याच्या पुड्यांवर लिहिलेले आकडे दर हंगामाला बदलायचे. कुठला आकडा कुठला वाण, तेही मशीनमध्येच. जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्लेली म्हणून गेल्या साली जाळली. जाळायला हरकत नाही, या शेऱ्याखाली सही भीमराजची होती.

“सगळं गेलं काका,” भीमराज म्हणाला. त्याला रडू आवरेना. “सगळंच पुन्हा पेरलं तर?”

“तर परत एकोनीस वर्सं.” काकासाहेबांनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, “पुड्या माझ्या घरी पाठीव. बघतो मी.”

संध्याकाळी टेम्पोतून सगळ्या पुड्या गेल्या. भीमराजला तेवढाच आधार वाटला. माणसाचा हात एवढ्या वर्षांचा. दाणा चिमटीत धरून ओळखेल, चावून ओळखेल. काकासाहेबांनी तीन दिवसांची रजा टाकली. ते तीन दिवस भीमराजनं तुटक्याफुटक्या यादीतून नंबर जुळवण्यात घालवले. एकही जुळला नाही.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकासाहेब आले. दाढी केलेली, धुतलेली टोपी. त्यांनी टेबलावर फडकं सोडलं. पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या आणि लसणाचा ठेचा. त्यांचा चेहरा इतका निवांत होता की भीमराजला हायसं वाटलं.

“सापडली का ती ज्वारी, काका?”

“आधी खा.”

भीमराजनं घास मोडला. तीन दिवसांत पोटभर असं तो जेवलाच नव्हता. भाकरी मऊ, गोड. ठेच्याचीही गरज नव्हती. त्यानं अर्धी संपवली आणि ओठ पुसत पुन्हा विचारलं, “सांगा ना, कुठली आहे ती?”

काकासाहेबांनी दुसरी भाकरी त्याच्याकडे सरकवली.

“असंल की. तीबी ह्यातच असंल.”