सगळे उतरा

"तोंड उघडायचं नाही," निघताना मृणालीनं ऋजुताला तिसऱ्यांदा बजावलं. "क्लच नाही, टर्बो नाही, गॅरेज नाही. हसायचं आणि बसायचं."

ऋजुता हसली आणि बसली. मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला टेकत होते, पण आज त्याचंही काही वाटत नव्हतं. विकायला काढलेली गाडी बघायला पेणहून निमिष आला होता. ऋजुताच्या बाबांनी, सुजयनं, एकदा अॅक्सिलरेटर दाबला आणि तो आवाज ऐकून निमिषचा चेहराच बदलला.

"काका, काय आवाज हाय!"

हा घेऊनच जाणार. ऋजुतानं आईचा हात दाबला. आईनं तिचा दुप्पट जोरानं दाबला.

गाडी पंधरा वर्षांची. लाल. स्पीडोमीटरच्या काट्याखाली दोनशे चाळीसपर्यंत आकडे, आणि रोह्यात कधी चाळीसच्या वर गेलेली नाही. नवी होती तेव्हाच सुजयनं हौसेनं तिच्या स्प्रिंगा बदलून तिला चार बोटं खाली बसवली होती. ती त्याच्याशिवाय कुणी चालवायची नाही, हा घरातला कायदा. मृणालीचं लायसन्स आठ महिने पर्समध्ये पडून होतं. तिनं एक पांढरी, साधी, ऑटोमॅटिक गाडी बुक केली होती, तिची मुदत शनिवारी संपत होती, आणि शेडमध्ये गाडी एकच मावत होती. लाल गेली की पांढरी येणार. पांढरी आली की खांबच्या शाळेत शिकवायला जाताना सहा आसनी रिक्षात नवव्या माणसाच्या मांडीवर बसायला नको.

"खाली घासत नाय ना?" निमिषनं विचारलं.

"छे छे! रोज धाटावला कंपनीत घेऊन जातो," सुजय म्हणाला. "विचारा हिला."

मृणाली हसली. ठरल्याप्रमाणे.

गल्ली संपली आणि मेन रोडच्या आधीचा स्पीडब्रेकर आला. गाडी हळू झाली, आणि ती पुरती थांबायच्या आत मागची दोन्ही दारं उघडली. मृणाली डावीकडून, ऋजुता उजवीकडून. दोघी खाली उतरल्या, दारं लावली, चालत ब्रेकरच्या पलीकडे गेल्या. मृणालीनं वाकून गाडीच्या पोटाखाली बघितलं आणि हातानं खूण केली.

"तिरकी घ्या. या... या..."

हात तसाच हवेत राहिला.

तोंडं गप्प बसली होती. पाय उतरले होते.

गाडीत पुढं निमिष पट्टा लावून बसला होता. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. "काकू, कुठं चाललात?"

उत्तर कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या सीताबाईनं दिलं. "तू पण उतर की रं पोरा! भरलेली जात नाय ती. शाळेच्या बाई नेहमी उतरतात."

निमिष उतरला. रस्त्यावर उकिडवा बसून त्यानं खाली बघितलं, मग सुजयकडे बघितलं. पेणला निमिषच्या घरचा मूर्तींचा कारखाना होता.

"काका, आम्ही गणपतीसुद्धा एवढे जपून नेत नाय."

मग 'विचार करून कळवतो' म्हणाला, म्हणजे संपलंच, आणि घरापाशी लावलेली बाईक घ्यायला गल्लीत चालू लागला.

"मीच उतरले!" मृणालीनं कपाळावर हात मारला. "सकाळपासून हिला बजावतेय, आणि उतरले मीच!"

"मी पण उतरले," ऋजुता म्हणाली.

"तू गप्प बस!"

सुजयनं खाली उतरून बॉनेटवरची धूळ रुमालानं पुसली. चेहरा दुःखी करायचा तो मनापासून प्रयत्न करत होता, पण ओठ ऐकत नव्हते.

"जाऊ दे गं. ठेवू अजून दोन वर्षं."

"ठेवायची?"

"मग काय! अशी गाडी आता मिळते का कुठं?"

"नक्की ठेवायची?"

"नक्की."

"बरं," मृणाली म्हणाली, आणि सरळ जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. किल्ली लागलेलीच होती. तिनं सीट पुढं ओढली, आरसा आपल्या उंचीला फिरवला, पर्स शेजारी ठेवली. "सोमवारपासून शाळेत मी हिनंच जाणार. रोहा ते खांब."

"अगं... अगं, पण ही..."

"आठ महिन्यांत हात राहिलाय की गेलाय, बघते आज."

सुजय ब्रेकरपुढं जवळजवळ गुडघ्यांवर बसला. "तिरकी! तिरकी घे! डावं चाक आधी... मृणाली, हळू..."

मृणालीनं सरळ घेतली.

खर्रर्र.

भेंडी तोलणाऱ्या सीताबाईचा तराजू थांबला. "बाय गो!" ती म्हणाली.

सुजयनं स्वतःचं पोट धरलं होतं. लाल गाडी मेन रोडला लागली आणि धाटावच्या दिशेनं निघाली, खाली काहीतरी खुळखुळ वाजवत.

"पुढच्या ब्रेकरला थांबेल ती," सुजय म्हणाला. "थांबेल ना?"

ऋजुतानं फोन काढला. तोंड उघडायचं नव्हतं.

"ऋजू, तो पेणचा मुलगा लांब गेला नसेल ना गं? नंबर आहे ना? लाव. लाव आधी!"

ऋजुताचा फोन कधीचाच कानाला होता, रिंग जात होती. तिकडं लाल गाडी दुसऱ्या स्पीडब्रेकरपाशी पोचली. ब्रेकचे दिवे लागले नाहीत.