मुंगीचे पाय

"हलू नका," जावईबापू म्हणाले. तिसऱ्यांदा.

रुग्णालयाच्या अंगणातल्या हिरव्या बाकावर दोघे भाऊ बसले होते. थोरला एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला, मध्ये तिसरा माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. पण एकाच बाकावर, अकरा वर्षांत पहिल्यांदा. आईला भेटायलासुद्धा थोरला सकाळी यायचा आणि धाकटा संध्याकाळी, एकमेकांचं तोंड बघायला लागू नये म्हणून. आज थोरल्याच्या लेकीने बापाला जी वेळ सांगितली तीच काकाला सांगितली आणि दोघांना फाटकातच गाठलं. वर खाटेला खिळलेल्या आजीने एकच मागितलं होतं, दोघांचा एकत्र फोटो. दोघेही आल्या पावली परत गेले असते. पण फोटो जावई काढणार होता, आणि जावयाला नाही म्हणायची या घरात रीत नव्हती.

जावईबापू दातांचे डॉक्टर, रविवारचे फोटोग्राफर. तिपाईवर त्यांचा नवा मीडियम फॉरमॅट कॅमेरा होता, विटेसारखा जड, दहा कोटी ठिपक्यांचा. दुकानदाराने विकतानाच बजावलं होतं, "डॉक्टर, हौसेसाठी घेताय म्हणून सांगतो. हा डोंगरांसाठी बरा. डोंगर हलत नाहीत." त्यावर हे म्हणाले होते, "माणसांना सांगता येतं की, हलू नका."

ते सांगणं आता वीस मिनिटं चाललं होतं. आधी रिकाम्या बाकाचा एक फोटो झाला, उजेड बघायला. मग दोघांना बसवलं. मग तिपाई मागे घेतली. मग लेन्स बदलली. मग एक ढग आला, तो जायची वाट बघितली. लेक शेजारी उभी राहून दातओठ खात होती, आणि दातांच्या डॉक्टरला त्याचा पत्ता नव्हता.

"काय रे, केवढा मळलाय चष्मा," थोरला अचानक पुटपुटला. त्याने कलून धाकट्याच्या नाकावरचा चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागला. धाकटा डोळे मिटून, तोंड वर करून बसून राहिला. साठीला आलेला माणूस, पण शाळेला निघताना थोरल्यासमोर उभा राहावा तसा.

"घे," लेक दबक्या आवाजात म्हणाली. "आत्ता घे."

"फोकस शोधतोय."

"अरे, घे ना."

"मी नाही गं, कॅमेरा शोधतोय."

तिने पर्समधून फोन काढला. जावईबापूंनी कॅमेऱ्याला लावलेला डोळा न काढता तिचं मनगट धरलं. "फोनने नको. आजींच्या समोरच्या भिंतीएवढा करायचाय. एवढा मोठा केला की फोनचा फोटो फुटतो."

तिने फोन खाली घेतला. नंतर तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच, स्वतःचा.

पुसलेला चष्मा नाकावर परत गेला. कॅमेऱ्याला फोकस सापडला. "आता झकास," जावईबापू म्हणाले. "फक्त मध्ये फार मोकळं दिसतंय. काका, जरा जवळ सरका ना."

धाकट्याचा चेहरा उतरला. "मीच का?"

"कोणीही सरका हो."

"दर वेळी मीच सरकलोय. दुकानातून सरकलो, घरातून सरकलो."

"तुला कोणी जा म्हटलं नव्हतं," थोरला म्हणाला.

"म्हटलं नव्हतंस, खरंय. नुसती कुलपं बदललीस."

"हलू नका, हलू नका," जावईबापू म्हणत होते, तोवर बाक रिकामा झाला. एक भाऊ पुढच्या फाटकाने गेला, दुसरा मागच्याने.

जावईबापू कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले. बराच वेळ बटणं दाबून त्यांनी बायकोला जवळ बोलावलं. "एक तरी मिळाला. हे बघ." रिकाम्या बाकाचा होता तो. त्यांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला. "लाकडावर मुंगी आहे, दिसली? पाय मोजता येतात. सहाच्या सहा."

"चल वर," ती म्हणाली.

"अगं, पण ह्यात दोघं..."

"नाहीत ना? मग सहा पाय दाखव तिला. तूच दाखव. मी नाही दाखवायची." तिपाई तिने एका हाताने उचलली आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आपटत नेली.

आजीला एका डोळ्याने अंधुक दिसायचं, दुसऱ्याने तेवढंही नाही. कॅमेरा तिने नाकाला लावून धरला. वजनाने मनगटं थरथरायला लागली, तेव्हा जावईबापूंनी खालून हात दिला. ती बघत राहिली. पडदा दोनदा विझला, जावईबापूंनी दोनदा पेटवून दिला.

"बाक चांगला आलाय," आजी म्हणाली.

तिने पडद्यावर बोट फिरवलं.

"बसले होते का पण?"

"बसले होते," नात म्हणाली. "शेजारी शेजारी. बाबांनी काकाचा चष्मा पुसून दिला."

आजीने कॅमेरा बाजूला सारला. तिने जावयाच्या दिशेने मान वळवली, पण बोलली नातीशी.

"ह्यांना बाहेर बसव."

या घरात जावयाला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. ते कॅमेरा पोटाशी धरून बाहेर गेले. दार लागल्याचा आवाज येईपर्यंत आजी थांबली. मग तिने दोन्ही डोळे मिटून घेतले.

"हं, आता दाखव. कोण कुठल्या बाजूला होता?"