अनोळखी पत्ता

२०४७ सालची भाऊबीज. गेलेलं माणूस तेव्हा घरच्या संगणकात राहत असे. नीलिमाताईंचे हेमंतरावही तिथूनच चहात साखर कमी घालायला सांगत. त्यांना कुणी चोरून नेऊ नये म्हणून ताईंनी फायरवॉल घ्यायचं ठरवलं. लेकीने, केतकीने दाखवलेल्यांपैकी सगळ्यांत कडक निवडली.

ती लावताच पडद्यावर उमटलं, घरातून रोज दिवेलागणीला एका आकड्यांच्या पत्त्यावर काहीतरी जातं.

“ओळखीचा आहे का पत्ता?” केतकीने विचारलं.

“छे.”

“मग टाक बंद करून.”

ताईंनी बंद केलं.

संध्याकाळी अकोल्याहून उज्ज्वलावन्संचा फोन आला. दोघींचा कित्येक वर्षांचा अबोला होता.

“वहिनी, ओवाळायला बसले होते. निरांजन विझायला आलं. दादा रुसला का गं?”

“तो रोज बोलतो तुमच्याशी?”

“तुला सांगू नको म्हणाला होता.”

ताईंनी वाट लगेच मोकळी केली.

वन्सं त्याच हिवाळ्यात गेल्या; त्यांना संगणकात ठेवणारं कुणी नव्हतं. केतकी परदेशी स्थायिक झाली. हेमंतराव अजून दिवेलागणीला अकोल्याला हाक मारतात. फायरवॉल विचारते, जाऊ देऊ? ताई हो म्हणतात.

“उजू रुसली का गं?” हेमंतराव विचारतात.

“बोलेल उद्या,” ताई म्हणतात.