निम्मी तार

अंग पुसून देताना ताईने आईचा उजवा पाय उचलला आणि तिचा हात थांबला. पोटरीवर दोन टपोरे फोड आले होते. भोवतीची कातडी लालबुंद.

"आई, अगं भाजलंय इथे!"

"कुठे?" आई मान उचलून बघू लागली, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तशी. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिचे पाय गार आणि बधिर झाले होते.

पायांखाली हीटिंग पॅड होता. गेल्या आठवड्यात तो बंद पडला तेव्हा धाकट्या भावाने तो उसवला, आतली जळकी तार कापून टाकली आणि उरलेली टोकं जोडून दिली. ज्याला हात लावेल ते मोडतो म्हणून घरात त्याचं नाव मोडक्या पडलेलं. आई मात्र त्या दिवसापासून येईल-जाईल त्याला सांगत होती, "लेकाने दुरुस्त केलाय. पहिल्यापेक्षा छान तापतो."

ताई मोटारींच्या कॉइल भरायच्या कारखान्यात कामाला. तिने पिशवीतून मीटर काढून पॅडला लावला. दोनशे तीस व्होल्ट. करंट शून्य पॉइंट चार अँपिअर. औषधाच्या खोक्यावर तिने भागाकार केला. तारेचा रोध पाचशे पंचाहत्तर ओहम. मग गुणाकार. ब्याण्णव वॅट. पॅडच्या लेबलवर शेहेचाळीस छापलं होतं. तार निम्मी उरली, रोध निम्मा झाला, करंट दुप्पट धावू लागला. दुप्पट उष्णता, आणि तीही निम्म्या तारेत.

तिने प्लग उपटला.

"त्याला नको सांगूस," आई म्हणाली. "एवढ्या वर्षांत एक गोष्ट धड केली बिचाऱ्याने."

ताईने मलम लावलं, पायांवर चादर ओढली. नाही सांगायचं, नवा पॅड आणून टाकायचा, असं तिने मनाशी ठरवलंही. तेवढ्यात भाऊ आत आला. काखेत काहीतरी गुंडाळून आणलं होतं.

"बरं झालं, ताई, तू घरीच आहेस. शेजारच्या आजोबांचा पण पॅड गेलाय. त्यांची डावी बाजू लुळी पडलीये ना, सारखा शेक लागतो. आजी म्हणाल्या, आईचा केलास तसाच करून दे."

आईने ताईचं मनगट घट्ट धरलं.

ताईने ते हळूच सोडवून घेतलं आणि खोकं त्याच्यापुढे धरलं. "आधी हे वाच."

त्याने आकड्यांवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "तार कमी केली तर कमी तापायला पाहिजे ना?"

"उलट असतं रे ते."

तो मनातल्या मनात गुणाकार करत राहिला. ओठ हलत होते. मग त्याची नजर मलमाच्या ट्यूबवर गेली, तिथून चादरीवर. काखेतला पॅड त्याने खाली ठेवला आणि चादरीचं टोक उचललं.



"मला काहीच कळलं नाही रे बाळा," आई म्हणाली. "शप्पथ सांगते, काही म्हणजे काही कळलं नाही."