वाळवणातली रेकॉर्ड

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर विरुपाक्षचा पाय अडला तो अडलाच. शनिवारची अर्धी सुट्टी, गिरणीतून घरी येतोय तर रेकॉर्डांची पेटी जागेवर नाही, म्हणून तो माळवदावर बघायला आला होता. समोर जुन्या चादरीवर कुरडया, सांडगे, पापड ओळीनं वाळत पडलेले, आणि पापडांच्या रांगेत त्याची रेकॉर्ड. काळीभोर, कव्हराबाहेर, उघडीवाघडी. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, तेही दुपारी दीडचं!

"अव्वा!" तो एवढ्यानं ओरडला की पलीकडच्या माळवदावरची काशम्मा मिरच्या सोडून बघायला लागली.

त्याची आई, मल्लव्वा, डोक्यावर पदर घेऊन कठड्याच्या सावलीत कावळे हाकत बसली होती. "आलास व्हय? वर्साचं समद्याला ऊन दावते न्हवं का? गाद्या झाल्या, शालू झाला. म्हटलं तुज्या ताटल्यांना कोन दावनार? कागदाला कसर लागलीया बघ."

"समद्या काढल्यास?"

"न्हाय की. पैली तुजी आवडती काढली. बाकीच्या हितं पेटीत हायत."

पेटी सावलीतच होती. त्यानं झाकण उघडून हात लावला. गार. अर्धा जीव परत आला. उरलेला अर्धा चादरीवर पडला होता. त्यानं ती रेकॉर्ड कडेला धरून अलगद उचलली. तव्यावर भाकरीचा काठ उचलावा तशी ती एका अंगानं वर आली होती.

आता हिचं काय सांगावं? रेल्वे कॉलनीतला एक गार्ड कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा त्यानं ती विरुपाक्षच्या हातात ठेवली होती. अमेरिकेतलं जॅझ. मुंबईच्या दुकानदारांनीसुद्धा हिचं नाव ऐकलेलं नव्हतं, मग दुसरी मिळायची कुठून? गिरणीतून आलं की हा हात साबणानं धुणार, मलमलीच्या तुकड्यानं रेकॉर्ड पुसणार, सुईवर हळूच फुंकर घालणार. मग आधी जरा चरचर, आणि त्या चरचरीतून तो सॅक्सोफोन असा वर यायचा की दिवसभर लिहिलेली हजेरीपटावरची चारशे नावं डोक्यातून पार पुसून जायची. मल्लव्वा मात्र तेवढ्या वेळात मागच्या अंगणात जाऊन बसायची. "दिवसभर गिरणीचा भोंगा ऐकतोस, पोट भरत न्हाय का?" म्हणायची.

ते आठवलं आणि विरुपाक्षचं टाळकं सरकलं. "तुला ही डोळ्यासमोर नगोच हुती. म्हनून हीच काढलीस!"

मल्लव्वाचं तोंड एवढंसं झालं. "नगो आसती तर पेटीतच कुजू दिली आसती की रे. रोज लावतोस म्हनून हिला आदी ऊन."

 विरुपाक्ष रेकॉर्ड उलटीपालटी करून बघू लागला.

"दे हिकडं," मल्लव्वा उठली. तिनं रेकॉर्डच्या काठाला अंगठा लावून बघितलं. "मऊ हाय अजून. पापड वाकला तर काय करत्यात? ऊनऊन हाय तवरच दाबायचा. गार झाला की मोडला."

"पापड न्हवं गं ते!"

"मग काय हाय ते तू सांग. हुबा ऱ्हाऊन रडतूस कशाला?"

बोलणं खरं होतं. पण पाटाखाली दाबावी तर पाटाच्या रेघा उठणार, फरशी तर खडबडीतच. "काच पायजे," तो म्हणाला. "दोन. येवढ्या मोठ्या." म्हणेपर्यंत मल्लव्वा निम्मा जिना उतरलीसुद्धा होती. ती परत आली तेव्हा तिच्या पदरात दोन काचा होत्या. एक देव्हाऱ्यावरच्या सिद्धरामेश्वराच्या तसबिरीची आणि दुसरी त्याच्या वारलेल्या वडिलांच्या, अप्पांच्या फोटोची.

"अव्वा, अप्पांची काच..."

"त्येनला काय हुतंय घटकाभर? धर."

दोन काचांमध्ये रेकॉर्ड घालून त्यांनी ती पुन्हा उन्हात ठेवली. मल्लव्वा अधूनमधून काचेवर हात ठेवून बघायची, तवा तापला का बघावं तशी. मग "आता" म्हणाली. दोघांनी मिळून ती सावलीत आणली आणि वर मसाल्याचा पाटा चढवला. विरुपाक्ष जेवला नाही. मल्लव्वाही जेवली नाही. काशम्मानं दोनदा हाक मारून "काय झालं ओ?" विचारलं, पण कुणाला सांगायला सुचलं नाही.

साडेचार वाजता त्यानं खाली खोलीत रेकॉर्ड लावली. सुई टेकली, जराशी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. विरुपाक्षनं डोळे मिटून घेतले. चरचर, चरचर, आणि सॅक्सोफोन आला. सरळ आला, कुठं न लचकता, जसाच्या तसा.

"हुश्श!" तो मटकन खालीच बसला. छातीवरचा पाटा कुणीतरी उचलून घेतला होता. त्याला हसू फुटलं. त्याला आईशी बरंच काही बोलायचं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच, "अव्वा, भूक लागली गं."

"वाढते," मल्लव्वा म्हणाली, पण उठली नाही. ती दाराशी भिंतीला टेकून बसली होती. गरगर फिरणाऱ्या त्या काळ्या ताटलीवरून तिची नजर हलत नव्हती. खोलीत रेकॉर्ड वाजत असताना ती आजवर कधी अशी बसली नव्हती.

बाजू संपली. विरुपाक्षनं सुई उचलली आणि रेकॉर्ड कव्हरात घालायला हात पुढं केला.

"दुसऱ्या बाजूनं बी लावून बघ की," मल्लव्वा घाईनं म्हणाली. "ती वाकली आसली म्हंजे?"

ताटली एकच, मग एका बाजूनं सरळ आणि दुसऱ्या बाजूनं वाकडी असेल कशी, हे विरुपाक्षच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं आणि रेकॉर्ड उलटून लावली.